चढी बोली, उतरती निविदा

इंग्रजी व्यवहारात ‘बिड’ हा एकच शब्द दोन उलट्या कामांना चालतो. लिलावात जास्तीत जास्त देणारा जिंकतो, बांधकामाच्या टेंडरात कमीत कमी मागणारा. दोघेही ‘बिड’च करतात. त्यात कोटेशन आणि प्रपोजलची भर पडली की नवखा कंत्राटदार पुरता गोंधळतो. वस्तू ठरलेली असून फक्त दर हवा असेल तिथे कोटेशन, म्हणजे दरपत्रक; काम कसे करणार हेही सांगायचे असेल तिथे प्रपोजल. 1872 च्या भारतीय करार कायद्यात मात्र दुसऱ्याच्या संमतीसाठी पुढे केलेला कोणताही देकार ‘प्रपोजल’च. हा गोंधळ निव्वळ भाषेचा आहे असे मला वाटत नाही. चढी बोली आणि उतरती निविदा यांचे नाते वरवर दिसते त्याहून जवळचे आहे, आणि त्याचा पुरावा आपल्याच मुलखात सापडतो.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने दिल्या जात. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने लिहिलेल्या अहवालात ही पद्धत तपशिलाने आली आहे. चढ्या रकमेवर महाल मिळवलेला मामलेदार तो तुकड्यातुकड्यांनी पोटमक्तेदारांना देई आणि ही साखळी थेट गावापर्यंत पोचे. मुदत संपण्याआधी दुसऱ्या कुणी रक्कम वाढवली तर पहिल्याचा मक्ता जाई. त्यामुळे हाती आहे तोवर ओरबाडून घेणे एवढाच हिशेब उरला. चढाओढीची रक्कम मामलेदार पदरची भरत नव्हता. ती रयतेकडून येत होती, आणि बोलीच्या वेळी रयतेला कुणी विचारले नव्हते.

आता बोरघाट पाहू. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने या चढणीचे कंत्राट 1855 मध्ये विल्यम फॅव्हिएलला दिले. कंत्राटाची रक्कम एकदा ठरली की नफा खर्च आवळूनच निघतो, आणि पोटकंत्राटदारांच्या हाताखाली राबणाऱ्यांची मजुरी हा आवळायला सर्वांत सोपा खर्च. 1859 च्या सुरुवातीला मजुरीच्या तक्रारींवरून घाटात दंगा उसळला आणि त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडले. त्यानंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत पोचताच काही दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले, आणि 1863 मध्ये घाटातून गाडी धावली.

मक्त्यात सरकार हक्क विकते, कंत्राटात काम विकत घेते, मग तुलना कशी, असे कुणी विचारील. पैशाची दिशा खरोखरच उलटी आहे. पण दोन्हीकडे आकड्याची चढाओढ करणारे वेगळे आणि तिची किंमत मोजणारे वेगळे. याहून वजनदार आक्षेप असा की, आकडा सोडून इतर गोष्टी पाहू लागलो तर साहेबाच्या मर्जीला रान मोकळे होईल. ही भीती रास्त आहे. मोहोरबंद लिफाफा तिच्यासाठीच असतो. म्हणूनच मला दोन लिफाफ्यांची पद्धत पटते. आधी तांत्रिक लिफाफा उघडायचा आणि त्यात नापास झालेल्याच्या दराच्या लिफाफ्याला हातही लावायचा नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने 2021 मध्ये काही कामांत गुणवत्तेला 30 टक्क्यांपर्यंत वजन द्यायला मुभा दिली, तीही योग्यच. पण त्या गुणांमध्ये यंत्रे, अनुभव आणि उलाढालीच्या जोडीने मजुरी वेळेवर दिल्याचा पुरावाही मोजला पाहिजे. कंत्राटदाराने मजुरी थकवली तर ती मूळ मालकाने द्यावी आणि मग त्याच्याकडून वसूल करावी, हे तत्त्व कंत्राटी कामगार कायद्यात आले ते 1970 साली, घाटातल्या दंग्यानंतर 111 वर्षांनी.