दुष्काळातील देव आणि कोयत्यावरची माणसे

केम म्हटले की श्री उत्तरेश्वराचे मंदिर आणि येथे तयार होणारे कुंकू यांची आठवण प्रथम होते. मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी, आपल्या भागातील कष्टकऱ्यांनी कठीण काळात देव कसा जपला, याची अल्पशी नोंद करावीशी वाटते.

सोलापूर हा अवर्षणाचा जिल्हा. दामाजीपंतांनी मंगळवेढ्याची सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी उघडली, ही कथा याच जिल्ह्यातील. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात माणसे देशोधडीस लागली. पुढे १९७२-७३ साली पुन्हा विहिरी आटल्या, दावणी ओस पडल्या. सरकारने रस्ते, नालाबांध, पाझर तलाव व खडी फोडण्याची कामे काढली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. मिलो आणि सुकडी खाऊन लोकांनी दिवस काढले. शेतमालक आणि भूमिहीन एकाच हजेरीपटावर आले. पंढरपूरचे मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले होते. दुष्काळाने तोच धडा भर उन्हात दिला. पाण्याच्या घागरीपाशी मात्र भेद सर्वत्र मिटला, असे म्हणता येणार नाही.

कामासाठी गाव सोडणाऱ्यांची दुसरी वाट कोयत्याची. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडीत घालून साखर कारखान्यावर जायचे आणि पाडव्याच्या आगेमागे परतायचे. कार्तिकी, माघी आणि महाशिवरात्र नेमक्या याच दिवसांत येतात. गळ्यात माळ असूनही वारी चुकते. मग पाचटाच्या कोपीपाशी शेंदूर लावलेला दगड हाच देव होतो आणि मोळ्या बांधून थकलेले हात रात्री टाळ धरतात. अशा ठिकाणी आजारपण आले, बाळंतीण अडली, तर शेजारच्या कोपीतले लोकच प्रथम धावून येतात. त्यांची जातपात त्या वेळी कोणी विचारत नाही.

१९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि आपल्या तालुक्यातही ऊस वाढला. पूर्वी आपली माणसे बाहेर जात; आता बीडकडील माणसे आपल्या शिवारात कोपी घालतात. म्हणून भाविकांस एकच नम्र विनंती आहे. महाशिवरात्रीच्या पंगतीत फडावरील या कुटुंबांना मानाने बोलवावे. त्यांना गावच्या नळाचे पाणी मिळावे, आणि त्यांची मुले हंगामापुरती का होईना, आपल्या शाळेत बसावीत. वर्गणीच्या यादीत त्यांची नावे नसतील, परंतु देवाच्या दारी ती आपलीच माणसे आहेत. मंदिराचे दगड नवे झाले. त्यासोबत ही रीतही गावात रुजावी, हीच श्री उत्तरेश्वराच्या चरणी प्रार्थना.