भिवंडीत कमी बजेटमध्ये सेकंड हँड गाडी घेताय? मॉडेलच्या आधी या गोष्टी तपासा

अंजूर फाट्यावर ट्रक आणि कंटेनरची रांग, वरून पाऊस आणि त्यातून वाट काढणारी एक दुचाकी. पुढे नवरा, मागे बायको, मध्ये रेनकोटमध्ये गुंडाळलेलं मूल. भिवंडीत पावसाळ्यात हे चित्र रोजचं आहे. अशाच एखाद्या घरात मग 'आता छोटी का होईना, गाडी घेऊया' असा विषय निघतो. नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही. भिशीचे, बोनसचे आणि थोडे उसने असे मिळून दोन लाख जमतात.

हे पैसे पुन्हा लवकर उभे राहणार नसतात. त्यामुळे 'कोणती गाडी चांगली?' यापेक्षा 'समोर उभी असलेली हीच गाडी चांगली आहे का?' हा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

दोन लाख हातात असतील, तर गाडी कितीची बघायची?

दीड ते पावणेदोन लाखांची. उरलेले पैसे विमा, नाव ट्रान्सफर, पहिली सर्व्हिसिंग, बॅटरी आणि टायर यांसाठी लागतात. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. '२३१९' असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला आहे. टायर सहा-सात वर्षं जुने असतील, तर चारही बदलायचा खर्च धरूनच भाव करावा.

बजेट थोडं जास्त असेल, तर नव्या गाडीचा भावही विचारून घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे एक-दोन वर्षं वापरलेल्या गाडीचा भाव नव्याच्या फार जवळ जात असेल, तर तो सौदा फायद्याचा नाही.

कोणती मॉडेल्स बघावीत?

या बजेटमध्ये अल्टो, वॅगन आर, सेलेरिओ, सँट्रो, आय-टेन, टियागो ही नावं समोर येतात. यातल्या बहुतेकांचं काम नाक्यावरचा मेकॅनिकही करू शकतो आणि सुटे भाग सहज मिळतात. कमी बजेटमध्ये हा मोठा फायदा आहे.

पण स्वस्त गाडीची एक बाजू दुर्लक्षित राहते, ती म्हणजे सुरक्षितता. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांची धडक चाचणी घेतली. त्यात अल्टो ८०० आणि आय-टेनसह पाचही गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेल्सना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य स्टार मिळाले. २०२० मध्ये दोन एअरबॅगवाल्या टियागोला चार स्टार मिळाले.

यात वर्षही बघावं लागतं. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरसाठी एअरबॅग सक्तीची झाली आणि २०२२ च्या सुरुवातीपासून शेजारच्या सीटसाठीही. म्हणून भाव जवळपास सारखा असेल, तर नुसतं टॉप मॉडेल न बघता एअरबॅग आणि एबीएस असलेली गाडी निवडावी.

पेट्रोल की सीएनजी?

रविवारची फेरी आणि लग्नकार्य एवढाच वापर असेल, तर साधी पेट्रोल गाडी पुरते. रोज ठाणे किंवा कल्याण गाठायचं असेल, तर सीएनजी परवडतं. मात्र सीएनजीची नोंद आरसीवर हवी. नसेल तर विम्याचा दावा अडकू शकतो. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिचं प्रमाणपत्र मागावं. सिलिंडर असल्यावर डिकीत सामानाला फारशी जागा उरत नाही, हेही लक्षात ठेवावं.

गाडी पाण्यात बुडाली होती का?

भिवंडीत हा प्रश्न विचारायलाच हवा. २६ जुलै २००५ असो की जुलै २०२१, कामवारी नदी फुगली की शहराच्या सखल भागांत पाणी शिरतं. पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन, पॉलिश करून चकाचक दिसते. पण तिची वायरिंग आणि सेन्सर आतून गंजत जातात आणि बिघाड काही महिन्यांनी सुरू होतात.

हे ओळखण्यासाठी:

- सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या भागावर चिखलाची रेषा किंवा डाग दिसतो का ते बघा.
- सीटखालच्या पट्ट्या आणि स्क्रू गंजलेत का, ते मोबाइलच्या टॉर्चने बघा.
- डिकीतली स्टेपनी उचला. तिच्याखालच्या खळग्यात गाळ आहे का, ते तपासा.
- काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा. कुबट वास येत असेल किंवा एअर फ्रेशनरचा मारा असेल, तर सावध व्हा.
- विम्याची पॉलिसी मागा. 'एकही क्लेम नाही' असं मालक म्हणत असेल आणि पॉलिसीवर नो क्लेम बोनस शून्य असेल, तर कारण विचारा.

इंजिन आणि चाकं कशी तपासायची?

सकाळी, इंजिन थंड असताना जा. मालकाने आधीच गाडी सुरू करून ठेवली असेल, तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट आत जात असण्याची शक्यता आहे. दोन्ही दुरुस्त्या महाग पडतात.

मग गाडी खड्ड्यांच्या रस्त्यावरून न्या, भिवंडीत तो शोधावा लागत नाही. खडखड आवाज, एका बाजूला ओढणारं स्टेअरिंग, शेवटी येऊन सुटणारा क्लच यांचा खर्च भावातून वजा करा. मीटरवर ३५ हजार किलोमीटर आणि पेडलचं रबर मात्र पार झिजलेलं असेल, तर सर्व्हिस सेंटरचा रेकॉर्ड मागा. स्वतःचा मेकॅनिक सोबत नेणं सर्वांत उत्तम. त्याला दिलेले पैसे वाया जात नाहीत.

कागदपत्रांत काय बघायचं?

एमपरिवहन ॲपवर आरसीची स्थिती, विमा, पीयूसी आणि कर्जाची नोंद तपासता येते. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवून घ्या. थकलेले ई-चलान सौद्याआधी भरून घ्या. कर्जाची नोंद असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी नंबर प्लेट बसवली आहे का, तेही बघा. गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल, तर नोंदणीच्या नूतनीकरणाचा आणि पर्यावरण कराचा खर्च तुमच्या माथी येईल.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गाडी नावावर होणं. फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या घेऊन 'नंतर करू' म्हणणारे बरेच भेटतात. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.

नाव न बदलल्याने काय होतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालातून कळतं. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे विकली जात राहिली, नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली आणि पुढे अपघात झाला. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदणीवर नाव असलेल्या मालकावरच टाकली. म्हणजे तुम्ही तुमची जुनी दुचाकी विकत असाल, तरी हा नियम तुम्हालाही लागू आहे.

डीलरकडून घेत असाल तर?

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते दाखवायला सांगा. टोकन देताना पावतीवर गाडीचा नंबर, ठरलेली किंमत आणि नाव ट्रान्सफर कोण करणार, हे लिहून घ्या.

आणि 'आजच घ्या, संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय' असं कोणी म्हटलं, तर येऊ द्या. तशी दुसरी गाडी महिन्याभरात मिळेल, गेलेले दोन लाख मात्र एवढ्या लवकर जमणार नाहीत.