बाबा पद्मनजी

बाबा पद्मनजी मुळे (मे १८३१ – २९ ऑगस्ट १९०६) हे मराठी गद्यलेखक, कोशकार, नियतकालिकांचे संपादक आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून सर्वसाधारणपणे मान्यता पावलेल्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या ग्रंथाचे ते कर्ते होत. 'अरुणोदय' (१८८८) हे त्यांचे आत्मचरित्र मराठीतील आरंभीच्या मुद्रित आत्मचरित्रांपैकी एक आहे. त्यांची लहानमोठी ग्रंथरचना शंभराच्या घरात जाते.

'पद्मनजी' हे त्यांचे आडनाव नसून वडिलांचे नाव आहे. घराण्याचे आडनाव मुळे. परंतु ते स्वतः आडनाव क्वचितच लावीत व त्यांचे ग्रंथ 'बाबा पद्मनजी' या नावानेच प्रसिद्ध झाले.

== जन्म आणि कुटुंब ==

त्यांचा जन्म बेळगाव येथे कासार ज्ञातीतील एका सुस्थित कुटुंबात झाला. घरातील वातावरण सनातनी व भाविक होते. व्रतवैकल्ये, देवपूजा, पोथ्यांचे वाचन यांत बाबांचे बालपण गेले आणि लहानपणी ते स्वतःही कर्मठ होते. पुढे ज्या आचारांवर त्यांनी कठोर टीका केली, ते आचार त्यांना बाहेरून नव्हे तर घरातून ठाऊक होते. त्यामुळे त्यांच्या लेखनातील सणवार, सोवळेओवळे आणि नवससायास यांची वर्णने मिशनऱ्यांच्या पुस्तकांतील वर्णनांपेक्षा निराळी उतरली आहेत.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० पासून सुरू होते. या मिशनच्या शाळेत बाबांचे इंग्रजी शिक्षण झाले. मराठी व कानडी या दोन्ही भाषा कानांवर पडणाऱ्या त्या गावात त्यांची भाषेची आवड घडली. नंतर मुंबईस येऊन त्यांनी फ्री चर्चच्या विद्यालयात शिक्षण घेतले. डॉ. जॉन विल्सन यांच्यासारख्या मिशनऱ्यांचा तेथे प्रभाव होता. याच काळात अमेरिकन मिशनचे 'ज्ञानोदय' हे पत्र त्यांच्या नित्य वाचनात होते.

== परमहंस सभा ==

मुंबईत असताना बाबा परमहंस सभेत सामील झाले. जातिभेद आणि मूर्तिपूजा न मानणाऱ्या सुशिक्षितांची ही गुप्त मंडळी १८४९ मध्ये स्थापन झाली. दादोबा पांडुरंग हे तिचे प्रमुख प्रेरक आणि राम बाळकृष्ण जयकर हे अध्यक्ष होते. जातिबंधन तोडल्याची खूण म्हणून सभासदाला परधर्मीयाने केलेला पाव खावा लागे. सभेचे कामकाज बाहेर फुटू नये याची मोठी दक्षता घेतली जाई, आणि नेमकी हीच गोष्ट बाबांना पुढे खटकली. बंद दाराआड जात मोडायची व घरी परतल्यावर ती पाळायची, ही वागणूक त्यांना पटेना. सभेची अंतर्गत माहिती आज ज्या थोड्या साधनांतून मिळते, त्यांत 'अरुणोदय' महत्त्वाचे आहे. मात्र सभा सोडून गेलेल्या एका सभासदाचे हे निवेदन आहे, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावे लागते.

== धर्मांतर आणि घराशी ताटातूट ==

३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगाव येथे बाबांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे वय तेव्हा तेवीस वर्षांचे होते व लग्न झालेले होते.

त्या काळी बाप्तिस्मा ही केवळ एका व्यक्तीच्या श्रद्धेची बाब नव्हती. बाटलेल्या मुलाला घरात घेतल्यास सारे कुटुंब वाळीत पडे. मुलींची लग्ने अडत, पंगतीचा व्यवहार तुटे. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याच्या ताब्याचा वाद न्यायालयापर्यंत गेला. श्रीपतला पुन्हा ज्ञातीत घ्यावे की नाही, यावर मुंबईच्या हिंदू समाजात उभी फूट पडली होती आणि त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिलेल्या बाळशास्त्री जांभेकर यांनाही विरोध सोसावा लागला. बाबांच्या पिढीतील तरुणांपुढे हे उदाहरण ताजे होते. १८५० च्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क जाणार नाही अशी तरतूद झाली होती. पण कायद्याने मिळकत राखली, तरी चूल राखता येत नव्हती.

बाप्तिस्म्यानंतर बाबांची पत्नी त्यांच्याकडे नांदावयास आली नाही. अशा तुटलेल्या विवाहांविषयी तेव्हा स्पष्ट कायदा नव्हता. धर्मांतरित व्यक्तीचा पूर्वीचा विवाह रद्द करून घेण्याची तरतूद १८६६ च्या कायद्याने झाली. बाबांनी पुढे ख्रिस्ती समाजात दुसरा विवाह केला. पहिल्या पत्नीची बाजू सांगणारे तिचे स्वतःचे लेखन नाही. तिच्याविषयी जे कळते ते पतीच्या बाजूनेच. नारायण वामन टिळक यांच्या धर्मांतराच्या बाबतीत लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'नी ही उणीव भरून काढली, तसे येथे घडले नाही.

== धर्मोपदेशक म्हणून कार्य ==

बाबांनी मिशनच्या शाळेत अध्यापन केले. १८६७ मध्ये त्यांना दीक्षा मिळून ते पुण्यातील फ्री चर्चचे पाळक झाले. काही वर्षांनी ते काम सोडून त्यांनी ग्रंथलेखन, भाषांतर व संपादन यांनाच वाहून घेतले. 'सत्यदीपिका' या नियतकालिकाचे ते संपादक होते.

== यमुनापर्यटन ==

'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' हे या कादंबरीचे पूर्ण नाव. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी ती प्रसिद्ध झाली. शिकलेली यमुना व तिचा पती विनायक प्रवासास निघतात. वाटेत त्यांना निरनिराळ्या विधवांच्या कहाण्या ऐकावयास मिळतात. पुढे विनायकाचा मृत्यू होतो आणि इतरांची दुःखे ऐकणारी यमुना स्वतःच विधवा होते. केशवपनाचे संकट, सासरचा छळ आणि अखेर ख्रिस्ती धर्माचा स्वीकार व पुनर्विवाह असा कथेचा शेवट आहे.

हा शेवट प्रचारकी आहे यात शंका नाही. संवादही अनेक ठिकाणी प्रवचनाच्या वळणावर जातात. तरीही मधल्या कहाण्यांतील घरे, बायकांचे बोलणे आणि नातेवाइकांचे व्यवहार त्या काळाच्या मराठी गद्यात अन्यत्र सहसा आढळत नाहीत. बन्यनच्या ग्रंथाचे हरि केशवजी यांनी केलेले 'यात्रिकक्रमण' हे भाषांतर आधी, १८४१ मध्ये, आले होते. पण ते रूपक होते व परकेही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) नंतरची असून ती अद्भुतरम्य वळणाची आहे. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींचा विचार करताना 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि रा. भि. गुंजीकर यांची 'मोचनगड' (१८७१) यांना तीन वेगळ्या वाटांच्या आरंभी ठेवले व वास्तववादी वाटेचा मान 'यमुनापर्यटन'ला दिला.

== कोश व इतर लेखन ==

मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ मध्ये, म्हणजे बाबांच्या जन्माच्या वर्षीच, निघाला. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीनंतर बाबांनी त्याचा संक्षेप तयार केला (१८६३). मूळ कोश अवजड व महाग असल्याने विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा हा संक्षेपच असे. 'शब्दरत्नावली' (१८६०) हा त्यांचा मराठी समानार्थी शब्दांचा संग्रह. धर्मप्रचाराशी या कामांचा संबंध नाही, आणि वादापलीकडे टिकून राहिलेले त्यांचे काम हेच म्हणता येईल. 'स्त्रीविद्याभ्यास निबंध' (१८५२) व 'व्यभिचारनिषेधक बोध' (१८५४) ही पुस्तके त्यांच्या सुधारकी विचारांची द्योतक असून पहिले बाप्तिस्म्यापूर्वीचे आहे. नव्या करारावर त्यांनी मराठीत विस्तृत टीकाही लिहिली.

== अरुणोदय ==

या आत्मचरित्रात प्रामुख्याने बालपणापासून धर्मांतरापर्यंतची हकीकत आहे. निवेदन साधे, छोट्या वाक्यांचे आहे. आपल्या मूळ घराविषयी लिहिताना बाबांचा सूर उपदेशकाचा राहत नाही. जे. मरे मिचेल यांनी संपादिलेले त्याचे इंग्रजी रूप १८९० मध्ये प्रसिद्ध झाले. बाबांच्या जीवनकार्याचा सविस्तर अभ्यास के. सी. कऱ्हाडकर यांनी 'बाबा पद्मनजी : काल व कर्तृत्व' या ग्रंथात केला असून, अलीकडे दीप्रा दांडेकर यांनी इंग्रजीत त्यांच्यावर संशोधनपर ग्रंथ लिहिला आहे.