कार्बन-कवचाचे विद्युत्-परीक्षण : ‘कोलंबिया’ दुर्घटनेचा ऐतिहासिक बोध

१ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ हे अमेरिकन अवकाशयान परतीच्या प्रवासात नष्ट झाले. कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. उड्डाणसमयी फोमचा तुकडा डाव्या पंखाच्या कार्बन-कवचावर आदळला होता. हलका फोम ते भेदणार नाही, हे गृहीतक ७ जुलै २००३ च्या प्रयोगात कोसळले. तोवर दोन उड्डाणांच्या दरम्यान कवचाची तपासणी मुख्यतः नजरेने व स्पर्शाने होत असे. चौकशी मंडळाने ती अपुरी ठरविली. पुढे भोवरा-प्रवाह चाचणीचाही अवलंब झाला. कार्बन विद्युत्‌वाहक असल्याने प्रत्यावर्ती धारा वाहणारे तारेचे वेटोळे कवचात प्रवाह निर्माण करते. भेग वा पोकळी असल्यास तो विचलित होतो. या चाचणीने तो आघात टळला नसता, हे खरे. तथापि सामर्थ्य गृहीत न धरता तपासावे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.