महाविद्यालय निवडावे की गाव?

बारावीचे निकाल लागले की आमच्या सीबीडी बेलापूर परिसरातील घराघरांत पसंतीक्रमाचा अर्ज भरण्याची लगबग सुरू होते. एखाद्या मुलीला मुंबईतील नामवंत महाविद्यालयात जागा मिळते, पुण्यातीलही मिळते. मग घरात बोलणे सुरू होते ते मात्र अभ्यासक्रमाविषयी नसते. राहणार कुठे, जेवणार कुठे, रात्रीच्या लोकलने एकटी परतणार कशी, ह्याच प्रश्नांचा खल होतो. सुशिक्षितांना ही चर्चा किरकोळ वाटते. महाविद्यालयाचे नाव मोठे असले म्हणजे गावाचा विचार कशाला, असे ते म्हणतात. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे.

युरोपातील विद्यापीठे बाल्यावस्थेत होती तेव्हापासून विद्यार्थी विद्येबरोबर गावाचीही पारख करीत आले आहेत. १२०९ साली ऑक्सफर्डच्या नगरवासीयांशी तंटा विकोपाला गेला, तेव्हा काही गुरुशिष्यांनी ते गाव सोडले आणि केंब्रिजची वाट धरली. १२२९ साली पॅरिसमध्ये तसेच घडले. दोन वर्षांनी पोप नववे ग्रेगरी ह्यांनी पॅरिस विद्यापीठासाठी जे आज्ञापत्र काढले, त्यात विद्यार्थ्यांच्या खोल्यांच्या भाड्याचाही विचार होता. घरमालकाच्या हाती विद्येची चावी असते, हे त्या काळच्या धर्मसत्तेनेही ओळखले होते.

संत इग्नेशियस लोयोला १५२८ साली पॅरिसला शिकावयास गेले. पैसे संपल्यावर त्यांना संत जेम्सच्या धर्मशाळेत आसरा घ्यावा लागला. ती महाविद्यालयापासून दूर होती. तिचे दार सकाळी उशिरा उघडे आणि तिन्हीसांजेला बंद होई. त्यामुळे पहाटेची व संध्याकाळची व्याख्याने हुकत. पुढे १५२९ साली सेंट बार्ब महाविद्यालयात त्यांना राहावयास जागा मिळाली. त्याच खोलीत पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर हे दोघे विद्यार्थी होते. त्या सहवासातून पुढे काय निर्माण झाले, ते वाचकांना ठाऊकच आहे. १८६९ साली मुंबईत येशूसंघीयांनी उभारलेले महाविद्यालय त्याच झेवियरचे नाव धारण करते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा निवडीला फारसा वाव नव्हता. मुंबईचे एल्फिन्स्टन आणि पुढे डेक्कन ह्या नावाने ओळखले गेलेले पुण्याचे महाविद्यालय, हीच प्रमुख ठिकाणे होती. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय निघाले ते १८८३ साली. त्यामुळे अकोल्याला मॅट्रिक झालेल्या गोपाळ गणेश आगरकरांना पुणे गाठावे लागले. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचे शिक्षण तर कोल्हापूर, पुणे आणि मुंबई अशा तीन गावांत झाले. १८८४ साली ते एल्फिन्स्टनमधून पदवीधर झाले. डेक्कन महाविद्यालय १८६८ साली येरवड्यास, शहराबाहेर गेले. तेथील निवासात टिळक आणि आगरकर ह्यांची जी बोलणी झाली, त्यांचे फळ म्हणजे १८८० सालची न्यू इंग्लिश स्कूल. तो विषय कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हता. तो एकत्र राहण्यातून सुचला.

पुण्याने गरीब विद्यार्थ्याला पोसले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. कोणी मधुकरी मागे, कोणी सात घरी सात वार लावून जेवे आणि पुस्तकाला चिकटून राही. पण ही दारे सर्वांना उघडी नव्हती. ज्याच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्याला वार कोण देणार? महाविद्यालयाचा कायदा त्याला अडवीत नव्हता; अडवीत होते ते गाव.

मुलींची स्थिती ह्याहून कठीण होती. कॉर्नेलिया सोराबजी ही ख्रिस्ती कुटुंबातील कन्या डेक्कन महाविद्यालयातील पहिली विद्यार्थिनी आणि मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर ठरली. तिची बुद्धी असामान्य होतीच. परंतु तिचे कुटुंब पुण्यातच राहत होते आणि आई स्वतः शाळा चालवीत होती, हेही विसरता येत नाही. तेवढ्याच बुद्धीची एखादी मुलगी रत्नागिरीस असती, तर ती कोणाच्या घरी राहून शिकली असती?

ह्या प्रश्नाचे मर्म राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले. कोल्हापुरात राजाराम महाविद्यालय होते, तरीही खेड्यांतील बहुजनांची मुले तेथवर पोहोचत नव्हती. महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. मागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा समाजांसाठी वसतिगृहे निघाली. १९१५ साली ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठीही एक निघाले, ह्याची आठवण आपल्या समाजाने ठेवली पाहिजे. महाविद्यालय तेच राहिले. गाव मात्र बदलले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्यापुढचे पाऊल टाकले. १९२४ साली साताऱ्यात काढलेल्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसली. पुढे १९४७ साली साताऱ्यातच त्यांनी महाविद्यालय उभे केले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या चाळीत राहून एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि १९१२ साली पदवीधर झाले. स्वतः संस्था उभारण्याची वेळ आली, तेव्हा १९४६ साली मुंबईत निघालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग त्यांनी सकाळी भरविले, कारण नोकरी करणाऱ्याला दिवस मोकळा नसतो. १९५० साली दुसरे महाविद्यालय त्यांनी त्या वेळच्या औरंगाबादेत काढले. मराठवाड्यातील गरीब मुलाला मुंबई परवडणार नाही, हे त्यांना दिसत होते.

मुंबईच्या आसमंतात मात्र आणखी एक मार्ग निघाला, तो रेल्वेचा. १८६७ साली विरारहून मुंबईला गाडी धावू लागली. वसईच्या मुलाला आपले घर आणि आपले चर्च न सोडता मुंबईत शिकणे पुढे शक्य झाले, ते ह्या लोहमार्गामुळे. आमच्या नवी मुंबईला हे भाग्य उशिरा लाभले. सिडकोची स्थापना १९७० सालची. मानखुर्दहून गाडी खाडी ओलांडून वाशीस आली १९९२ साली, आणि बेलापूरला पोहोचली त्याच्या पुढच्या वर्षी. आता बेलापुरात, नेरूळला, वाशीला महाविद्यालये आहेत. कर्मवीरांच्या नावाचेही एक वाशीत आहे. तरीही नाव मोठे म्हणून मुंबई निवडणारे पुष्कळ.

गाडीने निवड सोपी केली, पण तिची किंमत नाहीशी केली नाही. रोजचे तीन तास डब्यात उभे राहून जाणारा विद्यार्थी पदवी मिळवितो, पण ग्रंथालयातील संध्याकाळ, सरांशी तासानंतरचे बोलणे आणि मित्राच्या खोलीतील वाद त्याच्या वाट्याला येत नाहीत. इग्नेशियसची जशी व्याख्याने हुकत, तसे ह्याचे हे सारे हुकते. उलट, घरापासून तुटून परक्या शहरात महागड्या खोलीत एकाकी पडलेला मुलगाही मोठ्या नावाचा लाभ पूर्णपणे घेऊ शकत नाही.

तेव्हा राहण्याजेवणाची चौकशी करणारी आई अडाणी आहे, असे कोणी समजू नये. ती इतिहासाने विचारलेला प्रश्नच विचारीत असते. ज्याला गावाने आपले म्हटले, त्यालाच महाविद्यालय निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले. इतरांनी मिळेल ते स्वीकारले किंवा घरी बसले.

दरवर्षी आपण गुणवंतांचा सत्कार करतो, शाल आणि पुष्पगुच्छ देतो. शिष्यवृत्तीसाठी निधीही जमवितो. परंतु आपल्या शहरात परगावाहून शिकावयास आलेल्या मुलाला आपल्यापैकी किती घरांत खोली मिळते? भाड्याने देताना त्याचे आडनाव आणि त्याचे जेवण आपण किती बारकाईने विचारतो? बेलापूर हेही आता कोणा विद्यार्थ्याचे परके गाव आहे. त्याच्या पसंतीक्रमात आपले गाव कितवे असावे, हे बऱ्याच अंशी आपल्याच हाती आहे.