कपाटातलं 'रुचिरा' पुन्हा ओट्यावर कसं आणायचं? बीडच्या स्वयंपाकघरातून समजून घ्या

लग्नात भेट मिळालेलं 'रुचिरा', प्रदर्शनातून आणलेलं 'अन्नपूर्णा', दिवाळी अंकातून कापून ठेवलेली कात्रणं आणि हळदीचे डाग पडलेली एखादी वही. मराठी घरांमध्ये पाककृतींचा एवढा ऐवज बहुतेक ठिकाणी सापडतो. तो उघडला मात्र क्वचितच जातो. रोजचं वरण, भाजी, भाकरी हाताला पाठ असते आणि काही वेगळं करायचं झालं की मोबाईलवर व्हिडिओ लावला जातो.

तरीही स्वयंपाकाचा कंटाळा आलेल्या अनेकांना ही जुनी पुस्तकं पुन्हा हाताशी घ्यावीशी वाटतात. अडचण पुढे येते. पुस्तकात ओलं खोबरं, आमसूल आणि गोडा मसाला असतो, तर बीड, केज किंवा गेवराईच्या घरात शेंगदाण्याचा कूट, चिंच आणि काळा मसाला. दोन पानं उलटली की पुस्तक परत कपाटात जातं. असं का होतं आणि त्यावर उपाय काय, हे सोप्या शब्दांत पाहू.

ही पुस्तकं आली कुठून?

मराठीत छापील पाककृतींची परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' 1875 साली आलं. मराठीतल्या सुरुवातीच्या छापील पाकपुस्तकांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. 1910 मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' प्रसिद्ध झालं. त्यात मुंबईच्या पाठारे प्रभू समाजाच्या स्वयंपाकाची छाप दिसते.

सगळ्यात जास्त घरांत पोहोचलं ते कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा'. ते 1970 साली आलं. कमलाबाई मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या. त्यांचं शालेय शिक्षण फारसं झालेलं नव्हतं. 'रुचिरा'च्या यशाचं एक मोठं कारण म्हणजे त्यातली मापं. वजनकाटा नसलेल्या घरातही चालतील अशी वाटी आणि चमच्याची मापं त्यांनी दिली. नोकरीसाठी गाव सोडलेल्या, सासू किंवा आई जवळ नसलेल्या नव्या संसारांना या पुस्तकाचा आधार वाटला. म्हणूनच त्यांना 'एक लाख सुनांची सासू' असं म्हटलं जाऊ लागलं. मंगला बर्वे यांचं 'अन्नपूर्णा' हेही असंच घरोघरी पोहोचलेलं पुस्तक.

मग बीडचं जेवण त्यात का सापडत नाही?

याचं उत्तर इतिहासात आहे. 1910 मध्ये 'गृहिणी-मित्र' छापलं गेलं तेव्हा मुंबई आणि पुणे इंग्रजी राजवटीच्या मुंबई इलाख्यात होते, तर बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिथे राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. मराठी छापखाने, मासिकं आणि प्रकाशक मुख्यतः मुंबई-पुण्यात होते. 17 सप्टेंबर 1948 रोजी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. 1956 मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्राचा भाग झाला.

म्हणजे मराठी पाकपुस्तकांचा साचा तयार होत होता तेव्हा मराठवाडा त्या वर्तुळाच्या बाहेर होता. शिवाय पुस्तकं लिहिणाऱ्या बहुतेक लेखिका शहरी, वरच्या जातींच्या घरांतून आलेल्या होत्या. त्यामुळे येसर आमटी, धपाटे, शेंगोळे, सुशीला, ज्वारीच्या कण्या, आंबील हे पदार्थ या पुस्तकांत एक तर नसतात किंवा कोपऱ्यात असतात.

ही उणीव उघडपणे मांडणारं एक महत्त्वाचं पुस्तक मराठवाड्यातूनच आलं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. पाटोळे बीडला लागून असलेल्या आजच्या धाराशिव जिल्ह्यातले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाची खाद्यसंस्कृती त्यांनी पाककृतींसह नोंदवली. मांस वाळवून केलेल्या चान्या, तेल-तुपाशिवाय होणारे पदार्थ आणि त्यामागची जातिव्यवस्था, हे सगळं त्यात आहे. भूषण कोरगांवकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा' या नावाने 2024 मध्ये आला.

तुमच्या घरातल्या पुस्तकात तुमचं जेवण नसेल तर तो तुमच्या जेवणाचा कमीपणा नाही. पुस्तक कुठे आणि कुणी लिहिलं, याचा तो परिणाम आहे. हे लक्षात आलं की पुस्तकाकडे नियमावली म्हणून न बघता कच्चा माल म्हणून बघता येतं.

जुनी मापं कशी समजून घ्यायची?

1956 च्या कायद्यानंतर देशात टप्प्याटप्प्याने मेट्रिक मापं आली. त्याआधीच्या पुस्तकांत तोळा आणि शेर भेटतात. एक तोळा म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅम. 80 तोळ्यांचा पक्का शेर सुमारे 933 ग्रॅमचा. धान्य मापायचा शेर मात्र वेगळा. तो भांड्याचा असतो आणि चार शेरांची एक पायली होते. हे माप गावोगाव थोडं बदलायचं. त्यामुळे 'शेर' शब्द दिसला की आधी बघा, तो वजनाचा आहे की मापाचा.

वाटीचं गणित सोपं आहे. घरातली एकच वाटी ठरवा आणि एका पदार्थासाठी शेवटपर्यंत तीच वापरा. वाटी लहान की मोठी याला फारसं महत्त्व नाही, प्रमाण महत्त्वाचं. उदाहरणार्थ, शिऱ्यासाठी एक वाटी रवा, एक वाटी साखर आणि दोन ते अडीच वाट्या पाणी किंवा दूध. वाटी बदलली तरी हे नातं बदलत नाही.

आणखी एक गोष्ट. जुन्या पुस्तकांतली प्रमाणं अनेकदा मोठ्या कुटुंबासाठी असतात. पहिल्यांदा करताना अर्धं प्रमाण घ्या, पण मीठ आणि तिखट अर्ध्यापेक्षाही थोडं कमी टाकून चाखत वाढवा.

आपल्याकडचं साहित्य वापरलं तर काय बदलतं?

ओल्या खोबऱ्याऐवजी भाजलेले शेंगदाणे, तीळ किंवा सुकं खोबरं वाटून घालता येतं. चव पूर्ण बदलेल, पण ती बिघडलेली नसेल. शेंगदाण्याचा कूट उकळला की रस्सा दाट होतो आणि वर तेल सुटतं. म्हणून गरम पाणी थोडं जास्त ठेवा.

आमसुलाऐवजी चिंचेचा कोळ चालतो. तो थोडा थोडा घाला आणि दोन-चार उकळ्या येऊ द्या, म्हणजे कच्चा वास जातो.

गोड्या मसाल्याऐवजी घरचा काळा मसाला वापरणार असाल तर निम्म्यापासून सुरुवात करा. तो जास्त तिखट असतो. आमटीला दाटपणा हवा असेल तर येसर घ्या. येसर म्हणजे भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले एकत्र दळून केलेलं पीठ. ते आधी थंड पाण्यात कालवा, मगच फोडणीच्या पाण्यात सोडा. थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात.

डालडा म्हणजे वनस्पती तूप अनेक जुन्या पाककृतींत असतं. त्यातल्या ट्रान्स फॅटचा हृदयविकाराशी असलेला संबंध आता स्पष्ट झाला आहे. भारतात जानेवारी 2022 पासून तेल आणि स्निग्ध पदार्थांमध्ये ट्रान्स फॅटची मर्यादा 2 टक्के आहे. घरी करताना साजूक तूप किंवा तेल वापरलेलं बरं.

आंबवण्याचा वेळ पुस्तकात 'रात्रभर' असा असतो. बीडच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पीठ काही तासांतच फुगतं. घड्याळापेक्षा पिठाकडे आणि त्याच्या वासाकडे लक्ष ठेवा.

सुरुवात कोणत्या पदार्थापासून करावी?

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. आत्ता बाजारात काय आलंय, ते बघून अनुक्रमणिका उघडा.

पावसाळा संपताना बालाघाटच्या डोंगररांगांतली सीताफळं बाजारात येऊ लागतात. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तुमच्या पुस्तकातली साधी बासुंदीची कृती घ्या, बासुंदी पूर्ण थंड होऊ द्या आणि मगच सीताफळाचा गर मिसळा. गर शिजवला तर कडवट होतो. पुस्तकातली कृती आणि आपल्या मातीतलं फळ यांचा हा सोपा मेळ आहे.

हिवाळ्यात हुरडा असतो. पुस्तकातल्या मक्याच्या किंवा मटारच्या उसळीच्या कृतीत हुरडा घालून बघता येतो. संक्रांतीच्या आधी भोगीच्या भाजीला सगळ्या शेंगभाज्या मिळतात आणि बाजरीची भाकरी सोबत असते. घरात ज्वारीचं पीठ असेल तर थालीपिठाचं पान उघडा आणि त्यातून धपाट्यांकडे जा. ज्वारीत थोडं गव्हाचं पीठ आणि बेसन, वर लसूण, मिरची, ओवा, तीळ, हळद आणि कालवायला दही. पुस्तकातलं थापण्याचं तंत्र तेच, पीठ आपलं.

आठवड्यातून एकच नवा पदार्थ, तोही सुट्टीच्या दिवशी, एवढं पुरेसं आहे. मोबाईलवर एका पदार्थाचे शंभर व्हिडिओ समोर येतात आणि निवडण्यातच दमायला होतं. पुस्तकात एका पदार्थाची एकच कृती असते. निवड लवकर होते, हा त्याचा मोठा फायदा.

जे पुस्तकात नाही, ते कसं नोंदवायचं?

घरातल्या मोठ्या बायकांना कृती विचारली की 'अंदाजानं टाकायचं' हे उत्तर मिळतं. तो अंदाज मोजायची एक सोपी युक्ती आहे. पिठाचा किंवा मसाल्याचा डबा आधी वजन करून त्यांच्या हातात द्या. त्यांना नेहमीसारखा स्वयंपाक करू द्या, मध्ये टोकू नका. झाल्यावर डबा पुन्हा तोला. दोन वजनांतला फरक म्हणजे त्यांचा अंदाज. त्यांची 'मूठ' किती ग्रॅमची, तेही असंच कळतं.

नोंद करताना फक्त साहित्य लिहू नका. फोडणी कशी दिसली की पुढचं टाकायचं, वास कधी बदलतो, भाकरीचं पीठ किती दिवसांपूर्वी दळलेलं होतं, हेही लिहा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की भाकरी थापताना मोडते. असे तपशील क्वचितच छापलेले असतात.

ही नोंद नव्या वहीत करा किंवा सरळ पुस्तकाच्या समासात, पेन्सिलीने. 'खोबऱ्याऐवजी कूट, दीड वाटी पाणी जास्त' अशी एक ओळ लिहिली की ते पान तुमच्या घराचं होतं.

पण हा उत्साह नेमका कुणाकडून अपेक्षित आहे?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या. घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटं. जी बाई वर्षानुवर्षं दोन वेळचा स्वयंपाक करते, तिचा कंटाळा नवीन पाककृतीने जात नाही.

बीडमध्ये तर याला आणखी एक बाजू आहे. जिल्ह्यातली मोठ्या संख्येने कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पाच-सहा महिने कोपीत राहायचं, पहाटेच्या अंधारात तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापायच्या आणि मग फडात जायचं. 'निवांत स्वयंपाक' ही कल्पनाच या बायकांच्या वाट्याला येत नाही. त्यांच्या हातचं ज्ञान मात्र कुठल्याही पुस्तकाइतकंच मोलाचं आहे.

म्हणून पुस्तक उघडायचं असेल तर ते घरातल्या त्या माणसाने उघडावं, जो एरवी ओट्याकडे फिरकत नाही. वाटी-चमच्याची मापं आणि क्रमाने लिहिलेली कृती नवशिक्यासाठीच असते. रोज रांधणाऱ्या हाताला एक दिवस सुट्टी मिळाली, तर तिलाही जेवणाची गोडी पुन्हा लागू शकते.

घरात पुस्तकच नसेल तर?

महाराष्ट्रात 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे जिल्हा ग्रंथालयांपासून गावातल्या अनुदानित वाचनालयांपर्यंत जाळं आहे. तिथे पाककलेचा विभाग विचारा. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी पुस्तकावरचा स्वामित्व हक्क संपतो, त्यामुळे फार जुनी पुस्तकं इंटरनेटवर मोफत आणि कायदेशीरपणे मिळू शकतात. 'रुचिरा', 'अन्नपूर्णा' आणि 'अन्न हे अपूर्णब्रह्म' यांच्यासाठी पुस्तकांच्या दुकानात किंवा ऑनलाइन विचारणा करता येईल.

पुस्तक मिळालं की सोबत एक पेन्सिल ठेवा. पहिला पदार्थ करून झाला की त्या पानावर तारीख, काय बदललं आणि कसं झालं, एवढं लिहून ठेवा. पुढच्या वेळी ते पान उघडणाऱ्याला सुरुवात शून्यापासून करावी लागणार नाही.