स्वस्त घर, पण कुणासाठी?

पहिलं महायुद्ध संपलं आणि १९१९च्या ॲडिसन कायद्याने इंग्लंडमधल्या पालिकांना सरकारी मदतीने घरं बांधायला लावली. लंडन काउंटी कौन्सिलने शहराच्या पूर्वेला, डॅगनमच्या शेतांवर बेकनट्री वसवलं. १९२१ ते १९३५, सुमारे २६,००० घरं. ईस्ट एंडच्या कोंदट खोल्यांतून आलेल्यांना घरातच संडास, शिवाय बाग!

भाडं मात्र जुन्या खोलीपेक्षा जास्त, तेही दर आठवड्याला. जवळ काम नाही (फोर्डचा कारखाना १९३१मध्ये सुरू झाला), म्हणजे रोजचं रेल्वेभाडं वेगळं. त्यामुळे इथे आले ते बहुतेक पक्की नोकरी असलेले कामगार. सगळ्यात गरीब मागेच राहिले. आलेल्यांपैकीही काही परत गेले. वर नियम : कुंपण छाटा, खिडक्या दर आठवड्याला पुसा. घरमालक कसला, सासूच ती!

१९८०च्या कायद्याने भाडेकरूंना ही घरं सवलतीत विकत घेता आली. त्यांचं भलं झालं, यात वाद नाही. पण विकलेल्यांच्या जागी पुरेशी नवी बांधली गेली नाहीत. आता एकाच ओळीत एक घर कौन्सिलचं, तर शेजारचं, अगदी तसंच, खाजगी मालकाचं आणि भाडं कितीतरी जास्त.